पिशवीवालीने शिवलेली पिशवी

मी एक जुनी कापडी पिशवी आहे. मित्रांनो, पिशवी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भाजीची नाहीतर चपलांची पिशवी आली असेल. मी त्यांतली नव्हे. माझ्यात कुणी कधी बटाटे भरले नाहीत. एकदा एका काकूंनी चष्मा ठेवला होता, पण तो चुकून. मी गर्भपिशवीचा नमुना आहे. आईच्या पोटात बाळ जिथे वाढते त्या जागेला पुस्तकात गर्भाशय म्हणतात आणि बोलताना सगळे नुसते ‘पिशवी’ म्हणतात. तुम्ही सगळे अशाच एका पिशवीत हातपाय दुमडून राहून आला आहात. तेव्हा उगाच नाक मुरडू नका.

खरी पिशवी मुठीएवढी असते. मी मात्र लहान उशीएवढी आहे, म्हणजे लांबूनही दिसावी. उलटा धरलेला पेरू असतो ना, तसा माझा आकार. वर रुंद, खाली निमुळती. बाहेरून डाळिंबी कापड, आतून गुलाबी अस्तर, वरच्या दोन कोपऱ्यांना कापूस भरलेल्या दोन नळ्या. पुढे एक चेन आहे. ती उघडली की आत मधोमध वरून खाली लोंबणारा एक पडदा दिसतो. तो चार टिचबटणांनी लावलेला आहे. दाबला की लागतो, ओढला की निघतो. माझे सारे आयुष्य त्या पडद्याभोवती गेले.

माझ्या जन्माआधीची गोष्ट मी पाहिलेली नाही. पण जिने मला शिवले तिने ती माझ्यासमोर इतक्या जणींना सांगितली की मला ती तोंडपाठ झाली आहे.

तिला सगळे पिशवीवाली म्हणत. दप्तरे, बाजाराच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्यांच्या खोळी, एकदा तर एका वादकाच्या व्हायोलिनची खोळ, असे काय वाटेल ते ती शिवायची. तिच्या हातची शिवण उसवली असे कधी झाले नाही. आधी कापड फाटायचे. ती वरच्या दोन खोल्यांत राहायची आणि खाली नवऱ्याचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. दुकानात भिंतभर घड्याळे आणि प्रत्येकात वेगळी वेळ. कुणी किती वाजले विचारले की नवरा, म्हणजे आमचे घड्याळजी, गुपचूप खिशातला मोबाइल काढून बघायचे. घरात तिसऱ्या होत्या सासूबाई. त्यांनी तीस वर्षे इस्त्रीचे दुकान चालवले होते. कुठेही सुरकुती दिसली की त्यांना चैन पडत नसे, मग ती चादरीवर असो की माणसाच्या कपाळावर.

पिशवीवालीला दिवस गेले. नवव्या आठवड्यात ते बाळ गेले. अजून कुणालाच सांगितले नव्हते, म्हणून दुःखही कुणाला सांगता आले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दिवस गेले. या वेळी तिने तीन महिने उलटायची वाट पाहिली आणि मग आनंदाने सगळ्यांना सांगितले. चौदाव्या आठवड्यात तेही गेले. ज्यांना ज्यांना सांगितले होते त्या प्रत्येकाला पुन्हा सांगावे लागले.

मग लोक बोलू लागले. लोकांना बोलायला काय लागते! कुणी म्हणाले, वजन उचलले असेल. कुणी म्हणाले, पायऱ्या फार चढते. सासूबाई म्हणाल्या, “दिवसभर मशीनचं पायडल मारत बसतेस. पोटाला हादरे बसत असणार.” आणि समोरच्या खिडकीतली बाई कुणाला तरी सांगताना पिशवीवालीने स्वतःच्या कानांनी ऐकले, “सगळ्यांच्या पिशव्या शिवते, आणि हिच्याच पिशवीत खोट!”

त्या दिवशी तिने शिवणयंत्रावर खोळ चढवली आणि खोळीवर एक जड कुंडी ठेवून दिली, म्हणजे ती काढायचा मोहच नको.

नवरा मुळातच कमी बोलणारा. त्याने तीन महिन्यांत दुकानातले प्रत्येक घड्याळ दोन दोनदा उघडून पुसले. शेवटी एक दिवस वर येऊन म्हणाला, “बंद पडलेलं घड्याळ आपण उघडून बघतो. ‘याच्या नशिबातच नाही’ म्हणून परत नाही देत. चल, डॉक्टरांकडे जाऊ.”

ज्या डॉक्टरबाईंकडे ते गेले, त्यांच्याच खोलीत पुढे माझे आयुष्य गेले. म्हणून त्यांच्याविषयी मी स्वतः पाहिलेले सांगू शकते. त्या मोठ्याने हसायच्या, चहा गार झाल्यावरच प्यायच्या आणि चित्रे फार वाईट काढायच्या. त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइडची, साखरेची, रक्त गोठण्याची. एक चिठ्ठी नवऱ्याच्याही हातात ठेवली.

“माझंही रक्त?” घड्याळजी दचकले.

“का? बाळ काय एकटीचं होतं?”

मग आतून करायची सोनोग्राफी झाली. तिच्यात पिशवीचे सगळ्या बाजूंनी चित्र दिसते. ते पाहून डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“तुमच्या पिशवीत मधोमध एक पडदा आहे. जन्मापासूनचा. तुम्ही स्वतः आईच्या पोटात होतात ना, तेव्हा दोन नळ्या एकमेकींना जुळून ही पिशवी तयार होत होती. नळ्या जुळल्या, पण मधली भिंत विरघळून जायला हवी होती, ती राहून गेली.”

पिशवीवालीने महिनोन् महिने मनात दाबलेला प्रश्न विचारला. “मी मशीन चालवत होते. त्यानं झालं का?”

“नाही.”

“पायऱ्या?”

“नाही.”

“त्याच्या आदल्या दिवशी मी यांच्यावर खूप ओरडले होते.”

“त्यानं यांचं काही नुकसान झालं असेल. बाळाचं नाही.”

घड्याळजी म्हणाले, “माझंही विशेष नाही.” आणि पिशवीवाली कितीतरी दिवसांनी हसली. हसता हसता रडली, पण त्यात हसणे जास्त होते, असे ती सांगायची.

डॉक्टरबाई उगाच गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी हेही सांगितले की दोन्ही वेळचे कारण हा पडदाच, असे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पुष्कळदा गर्भाचीच घडण नीट झालेली नसते आणि तो टिकत नाही. त्यात कुणाचाच दोष नसतो. पण पडद्यावर बाळ रुजले तर त्याला पुरेसे रक्त मिळत नसावे, असे मानतात. हे सारे समजावताना त्यांनी चिठ्ठीमागे एक चित्र काढले.

पिशवीवालीने ते आडवे धरून पाहिले, उभे धरून पाहिले. “डॉक्टर, हे वांगं आहे की कंदील?”

“गर्भाशय आहे,” डॉक्टरबाई किंचित रागावून म्हणाल्या.

ती चिठ्ठी घेऊन पिशवीवाली घरी आली. चप्पल काढली, हात धुतले, कुंडी उचलून खिडकीत ठेवली आणि यंत्रावरची खोळ काढली. चित्रातून कळेना, तेव्हा शिवून बघू, असा तिचा सरळ हिशेब होता. मित्रांनो, असा माझा जन्म झाला. मला आठवणारा पहिला आवाज म्हणजे त्या पायडलचा. इतक्या दिवसांनी चालल्यामुळे ते कुरकुरत होते, पण थांबत नव्हते.

पहिल्या अर्ध्या तासात मी वेगळीच होते. तिने माझा वरचा भाग पत्त्यांतल्या बदामासारखा कापला होता, मध्ये खोल खाच आणि दोन बाजूंना दोन शिंगे. मग तिला डॉक्टरबाईंचे बोलणे आठवले. त्या म्हणाल्या होत्या, “दोन शिंगांची पिशवी हा वेगळा प्रकार. तिला बाहेरूनच खाच असते आणि सहसा तिला हात लावत नाहीत. तुमची बाहेरून अगदी एकसंध आहे, वेगळेपण फक्त आत आहे.” लगेच तिने मला उसवले आणि वरची कड पुन्हा सरळ घेतली. आत पडदा जोडला तो मात्र कच्च्या टाक्याने. पक्का टाका घालायला तिचा हात होईना.

संध्याकाळी दुकान बंद करून घड्याळजी वर आले. यंत्रावर खोळ नाही हे पाहून ते दारातच थांबले. मग जवळ आले, डोळ्याला घड्याळाचे भिंग लावले आणि माझ्यात डोकावले.

“हा तो पडदा?”

“हा.”

“आणि बाकी सगळं ठीक?”

“बाकी कापड एक नंबर आहे,” ती म्हणाली.

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे लक्ष नाही असे दाखवण्याकडे त्यांचे फार लक्ष होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला. मला मांडीवर घेतले, चेन उघडली आणि पडद्याच्या एका बाजूने बोट आत घातले. बोट थोडे गेले आणि अडकले. मग दुसऱ्या बाजूने घातले. तिथेही अडकले.

“एवढ्याशा जागेत?” त्या हळूच म्हणाल्या. “जागाच नव्हती गं त्याला. तू काय करणार होतीस?”

डॉक्टरबाई तिथे असत्या तर त्यांनी सांगितले असते की गोष्ट इतकी सोपी नाही, जागेपेक्षा रक्ताचा प्रश्न असतो. पण त्या दिवशी त्या घरात कुणी सासूबाईंची चूक काढली नाही. थोड्या वेळाने सासूबाई उठल्या, तेलाची कुपी घेऊन आल्या आणि गुडघे टेकून शिवणयंत्राच्या पायडलला तेल घालू लागल्या. “कुरकुरतंय मघापासून,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माफी अशीच निघायची.

पुढच्या भेटीला पिशवीवाली मला घेऊनच गेली. “असंच आहे का ते, डॉक्टर?” तिने मला टेबलावर ठेवले. डॉक्टरबाईंनी मला उलटेपालटे केले, नळ्या दाबून पाहिल्या, चेन उघडली, आत पाहिले आणि इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरच्या सिस्टर धावत आल्या. “अहो, वीस वर्षं मी वांगी काढतेय! हे आधी का नाही सुचलं कुणाला?”

मग त्यांनी मला हातात धरूनच पुढचे सगळे सांगितले. एक वाट अशी, की काहीच करायचे नाही, नीट लक्ष ठेवून पुन्हा प्रयत्न करायचा. पडदा असूनही सुखरूप बाळंत झालेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. दुसरी वाट म्हणजे दुर्बिणीतून पडदा काढायचा. भूल देतात. दुर्बीण खालच्या नैसर्गिक वाटेनेच आत जाते, पोटावर एकही टाका पडत नाही.

“म्हणजे झाकण न उघडता?” घड्याळजी पुढे सरकले. आता त्यांना विषय कळायला लागला होता. “डॉक्टर, राग मानू नका. तुमचा हात थरथरतो का?”

डॉक्टरबाईंनी गार चहाचा भरलेला कप उचलला आणि त्यांच्यासमोर सरळ धरला. थेंब हलला नाही.

“चालेल,” घड्याळजी म्हणाले.

“चालेल काय! आधी धोके ऐका.” आणि त्यांनी तेही सांगितले. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित पिशवीला इजा होते, आतून चिकटू शकते, थोडा पडदा उरू शकतो. ऑपरेशनने फायदा होतोच यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. “मी हमी देणार नाही. घाई करू नका, नीट विचार करा.”

पिशवीवालीने अकरा दिवस विचार केला. त्या अकरा दिवसांत तिने माझा कच्चा टाका काढून टिचबटणे लावली. मग ती पडदा लावायची, काढायची, पुन्हा लावायची. टिच, टिच, टिच, टिच. बाराव्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, “हे करूनही बाळ टिकलं नाही तर मला वाईट वाटेल. पण मी शिवणारी बाई आहे. नको तिथे टाका दिसतोय आणि तो तसाच सोडायचा, हे मला जमणार नाही.”

ऑपरेशनच्या सकाळी मी बाहेरच्या बाकावर सासूबाईंच्या हातात होते. त्यांनी मला इतके गच्च दाबले की माझ्या एका नळीतला कापूस कायमचा एका बाजूला सरकला. तो आजही तसाच आहे. घड्याळजी दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघत होते. तासाभराने सिस्टर बाहेर आल्या. “आजी, झालं! छान झालं. शुद्धीवर आल्या आल्या तुमच्या सूनबाईंनी पहिलं काय विचारलं असेल? ‘कड नीट आली का?’”

“मग, आली का?” सासूबाईंनी तितक्याच गंभीरपणे विचारले.

त्याच संध्याकाळी पिशवीवाली घरी गेली. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा पडद्याची एक बारीक पट्टी उरलेली दिसली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तेवढी चालते. त्याच दिवशी पिशवीवालीने मला त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “ही तुमच्याकडेच राहू दे. निदान वांगी तरी बंद होतील.”

असा माझा संसार बदलला. पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

दिवस जायला आठ महिने लागले. मग पिशवीवाली तपासणीला येऊ लागली. नवव्या आठवड्यात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. चौदाव्या आठवड्यात तिघेही आले. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या यंत्रावर बाळाचे हृदय दाखवले. ते तुरुतुरु चालले होते. घड्याळजी म्हणाले, “जरा पुढे पळतंय.” डॉक्टरबाई म्हणाल्या, “या वयात पुढेच पळायचं असतं.” पिशवीवालीला जी उचकी लागली ती दोन पेले पाणी प्यायली तरी थांबेना.

जाताना तिने सिस्टरांना स्वतः शिवलेली एक छोटी पिशवी दिली. पुढच्या आठवड्यात तपासणी नव्हती, तरी ती आली आणि आणखी एक पिशवी देऊन गेली. मग दर आठवड्याला एक. प्रत्येक आठवडा सरला की एक पिशवी, असा तिचा नेम झाला. कधी फुलाफुलांची, कधी चट्ट्यापट्ट्यांची. दवाखान्यातल्या मावशी, कंपाउंडर, रखवालदार, सगळ्यांच्या खांद्याला पिशव्या लटकू लागल्या. सदतिसाव्या आठवड्यापर्यंत चोवीस पिशव्या झाल्या.

बाळ शेवटपर्यंत डोके वर करून बसले होते. “सांगावं त्याच्या उलट,” सासूबाई म्हणाल्या, “अगदी बापावर गेलंय.” त्यामुळे सिझेरियन करायचे ठरले. ठरल्या दिवशी सकाळी पिशवीवालीला आत नेले आणि थोड्याच वेळात जो काही टाहो फुटला, तो बंद दारातून, जिन्यावरून, माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. मुलगी झाली होती. घड्याळजींनी तत्काळ मनगटावर वेळ पाहून लिहून ठेवली. पण गडबडीत ते दुरुस्तीला आलेले कुणाचे तरी घड्याळ बांधून आले होते. त्यामुळे त्या मुलीची जन्मवेळ त्यांच्या घरात अजूनही वादात आहे.

त्यानंतर माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. मला किती जणींनी हातात घेतले, याची मोजदाद नाही. पुष्कळ जणी पडद्याला हात लावून आधी एकच प्रश्न विचारत, “म्हणजे माझ्यामुळे नाही?” आणि डॉक्टरबाई म्हणत, “नाही.” आवश्यक वाटले की त्या पिशवीवालीला बोलावून घेत. ती माझ्या शेजारी बसून आपली गोष्ट सांगायची. समोरच्या खिडकीतल्या बाईंचे बोलणे सांगताना आता तीच मोठ्याने हसायची. “खोट होतीच की! पण मी पिशवीवाली. आम्हाला पिशवी उघडून बघता येते. त्यांना नुसती खिडकी उघडता येते.”

सगळ्यांच्या गोष्टी सारख्या संपल्या असे नाही. एका शिक्षिकेने ऑपरेशन न करता पुन्हा धीर केला आणि तिला जुळे नाही, पण जुळ्यांएवढा आवाज असलेला एक मुलगा झाला. एका बेकरीवाल्या बाईंचे ऑपरेशन छान झाले, तरी पुढचेही बाळ राहिले नाही. त्या माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “आता पुरे, डॉक्टर. आम्ही दोघं दोघांना पुरेसे आहोत.” डॉक्टरबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांना अडवले नाही. पुढच्या महिन्यात त्या सगळ्या दवाखान्यासाठी गरम गरम पाव घेऊन आल्या. त्यांचे हसणे खरे होते. मी जवळून पाहिले आहे.

गमतीही खूप झाल्या. एक गृहस्थ मला बघून घाबरले आणि बायकोच्या कानात म्हणाले, “ही तुझी काढलीय का?” एकदा मावशींनी मला मळलेली पाहून गरम पाण्यात घातले आणि मी दोन बोटे आटले. पडदा आटला नाही. तो माझ्या मानाने इतका मोठा झाला की आठवडाभर डॉक्टरबाई प्रत्येकीला सांगत होत्या, “एवढा मोठा नसतो हो, ही धुतलीय.” शेवटी पिशवीवालीने नवा पडदा लावून दिला.

मग दिवस बदलले. डॉक्टरबाई थकल्या आणि त्यांच्या जागी त्यांची भाची बसू लागली. तीही डॉक्टर, हुशार आणि मनाने चांगली. पण तिने भिंतीवर टीव्हीसारखा मोठा पडदा लावला. त्यावर रंगीत, हलणारी, आतून बाहेरून फिरणारी पिशवी दिसायची. ती बघून मलाही माझी लाज वाटली. मला कुणी हाकलले नाही. टेबलावरून मी खिडकीत गेले, खिडकीतून कपाटावर आणि कपाटावरून कपाटात, जुन्या कागदांच्या खाली. पाच वर्षे मी तिथे होते. पिशवीवालीच्या हातची असूनही माझ्या एका बाजूची शिवण सैल झाली, चेनचे दोन दात गेले. कपाट उघडले की मी उजेड पाहायचे आणि मिटले की पुन्हा वाट पाहायचे.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. त्या एका मोठ्या कचेरीत टेलिफोन सांभाळतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांचीही दोन बाळे गेली होती आणि तपासणीत त्यांच्याही पिशवीत पडदा निघाला होता. बरोबर थोरली बहीण होती. नवी डॉक्टर सवयीने म्हणाली, “हे बघा,” आणि भिंतीवरचे चित्र फिरू लागले. बहीण चित्राकडे बघून, “हो का? अगं बाई! अच्छा!” करत राहिली आणि त्या टेलिफोनवाल्या बाई मान खाली घालून बसून राहिल्या.

“काय दिसतंय ताई?” त्यांनी विचारले.

“काहीतरी गुलाबी आहे गं. मध्ये असं... कसं सांगू तुला!”

त्या शांतपणे म्हणाल्या, “सगळे मला ‘बघा’ म्हणतात, डॉक्टर. माझ्याच पोटातलं सगळ्यांनी बघून झालं. फक्त मीच राहिले.”

नव्या डॉक्टरचा चेहरा उतरला. तिने यंत्र बंद केले, एक क्षण विचार केला आणि उठून कपाटाकडे आली. कागद बाजूला झाले. तिने मला झटकले, फुंकर मारली आणि त्या बाईंच्या ओंजळीत ठेवले.

मित्रांनो, मला हजार हातांनी धरले असेल, पण असे कुणी धरले नव्हते. त्यांची बोटे माझ्या कडेने सावकाश फिरली. “ही वरची बाजू?” “हो.” “या नळ्या?” “हो. त्यातली एक जरा चेपलीय.” “हे खालचं तोंड?” “हो.” मग त्यांनी चेन शोधली, उघडली आणि दोन बोटे आत घातली. पडदा त्यांना लगेच सापडला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत चाचपला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून किती जाड आहे ते पाहिले. टिचबटण लागताच त्या थांबल्या.

“हा काढता येतो?”

“तुमचा काढायचा की नाही ते आपण सावकाश ठरवू,” डॉक्टर म्हणाली. “हिचा काढता येतो. ओढा.”

त्यांनी ओढला. टिच, टिच, टिच, टिच. मग रिकाम्या जागेत त्यांनी सगळी मूठच घातली आणि आतल्या आत हळूहळू उघडली.

“अय्या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की डॉक्टरने खुर्ची सोडून त्यांच्याजवळ येऊन बसायचे ठरवले. “एवढंच होतं होय! मला वाटलं होतं, माझ्या आत काहीतरी भयंकर आहे.” मग त्यांनी बहिणीचा हात धरला, पडदा पुन्हा लावला आणि मला तिच्या मांडीवर ठेवले. “ताई, आता तू डोळे मीट आणि बघ.”

मी त्या दिवसापासून पुन्हा टेबलावर आहे. त्या बाईंनी अजून काही ठरवलेले नाही. पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा येणार आहेत, आणि तोवर मनात उठतील तेवढे प्रश्न घेऊन येते, असे त्यांनी हसत बजावले आहे. जाता जाता त्या एवढेच म्हणाल्या, “डॉक्टर, हिची डावी शिवण उसवत आलीय हं. कुणाकडून तरी टाके घालून घ्या.”

मित्रांनो, माझेही तेच मागणे आहे. जुन्या वस्तूला दोन टाके घातले की ती आणखी पुष्कळ वर्षे उपयोगी पडते. पण टाके नंतर घातलेत तरी चालेल. आधी दुसरी एक गोष्ट करा. तुमच्या घरात एखादी ताई, काकू, मामी, वहिनी अशी गप्प गप्प दिसली, आणि मोठी माणसे तिच्याविषयी हळू आवाजात बोलताना ऐकू आली, तर “तू काय केलंस?” असे तिला कुणाला विचारू देऊ नका. तिने काहीही केलेले नसते. तिच्या शेजारी जाऊन बसा. काय बोलावे ते सुचले नाही तर तिला पाणी विचारा. आणि तिला दवाखान्यात जायचे असेल तर तिच्याबरोबर जा. तिथे एखाद्या टेबलावर माझ्यासारखे काही दिसले तर लाजू नका, हातात घ्या. आम्हाला त्याच कामासाठी शिवलेले असते.